कल्याणच्या नावाचा एन्झाइम आणि न होणारी तपासणी

कल्याण म्हटले की मुंबईकरांना रेल्वेचे जंक्शन आठवते आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांना दुर्गाडी किल्ला. रक्ताचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या मंडळींना मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. एका कोळी कुटुंबाच्या तांबड्या पेशींमध्ये एक एन्झाइम नेहमीपेक्षा वेगळा आढळला आणि १९८४ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. या एन्झाइमच्या प्रकारांना गावांची किंवा प्रदेशांची नावे देण्याची प्रथा आहे. त्यानुसार या प्रकाराचे नाव पडले ‘जी६पीडी कल्याण’. पुढे १९९२ मध्ये लंडनच्या ल्युसिओ लुझाटो यांच्या गटाने दाखवून दिले की ‘कल्याण’ आणि आधी नोंदलेला ‘केरळ’ हे दोन वेगळे प्रकार नव्हतेच. दोघांत अगदी एकाच जागी, एकच चूक होती. तेव्हापासून ग्रंथांमध्ये तो ‘केरळ-कल्याण’ असा जोडनावाने छापला जातो.

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये शोधलेला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ आज रक्तपेढीत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. कल्याणच्या वाट्याला ती प्रसिद्धी आली नाही. वास्तविक बॉम्बे गटाची माणसे अत्यंत विरळ, तर जी६पीडीची कमतरता जगात सुमारे ४० कोटी लोकांत आहे. माणसात आढळणारी ही सर्वांत सर्रास एन्झाइम-कमतरता. महाराष्ट्रात ती पारशांमध्ये आहे, आदिवासींमध्ये आहे, किनाऱ्यावर आहे आणि शहरांतही आहे. या एन्झाइमची रचना अणूअणूने ठाऊक होऊन पंचवीस वर्षे लोटली. तरीही ज्या टेबलावरून रुग्णाच्या हातावर हिवतापाची, पण ही कमतरता असलेल्याला धोक्याची, गोळी ठेवली जाते, तिथे त्याची साधी तपासणी सरसकट होत नाही. ही गोष्ट आता अज्ञानावर ढकलता येणार नाही. प्रश्न प्राधान्याचा आहे आणि तो सरकारने सोडवायचा आहे.

जी६पीडी म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. नाव जिभेला जड आहे, काम मात्र थोडक्यात सांगता येते. पेशीत आलेल्या साखरेतून हायड्रोजन काढून तो एनएडीपी नावाच्या छोट्या रेणूवर चढवणे, म्हणजेच एनएडीपीएच तयार करणे. या एनएडीपीएचच्या जोरावर पेशीतले ग्लुटाथिऑन ताजे राहते, आणि ग्लुटाथिऑन ऑक्सिजनच्या दाहक रेणूंना निष्प्रभ करते. शरीरातल्या इतर पेशींना एनएडीपीएच मिळवण्याचे आणखीही मार्ग आहेत. तांबड्या पेशीला हा एकच. तिचे सारे आयुष्य ऑक्सिजन वाहण्यात जाते, म्हणजे गंजण्याचा धोका तिलाच सर्वाधिक, आणि बचावाचे साधनही तिच्याकडेच सर्वांत तुटपुंजे.

भर म्हणजे या पेशीला केंद्रक नसते. अस्थिमज्जेतून बाहेर पडताना जेवढे एन्झाइम सोबत घेतले, तेवढ्यावरच तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. वाटेत नवे बनवण्याची सोय नाही. निरोगी एन्झाइमचे अर्धे सामर्थ्य संपायला सुमारे दोन महिने लागतात, त्यामुळे म्हातारी पेशीही तग धरते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या ‘ए-मायनस’ प्रकारात हेच अर्धे सामर्थ्य सुमारे १३ दिवसांत संपते. अशा माणसाला एरवी काहीही होत नाही. तो शेतात राबतो, क्रिकेट खेळतो, रक्तदानही करतो. एखादे विशिष्ट औषध पोटात गेले की मात्र त्याच्या पेशींतले हिमोग्लोबिन गोठून गोळे होते, प्लीहा त्या पेशी गाळून फोडू लागते, डोळे पिवळे होतात आणि लघवी काळ्या चहासारखी येते.

हे का होते याचे उत्तर एन्झाइमच्या घडणीत आहे. जी६पीडीची एक साखळी ५१५ अमिनो आम्लांची. ती घड्या पडत पडत दोन भागांत आकार घेते. छोट्या भागात एनएडीपी येऊन बसतो, मोठ्या भागात पट्ट्यांची एक रुंद चादर असते. एकटी साखळी निरुपयोगी असते. दोन साखळ्या चादरीला चादर लावून एकमेकींना चिकटल्या की एन्झाइम कामाला लागतो, आणि अशा दोन जोड्यांची चौकडीही बनते. ही सगळी मांडणी ऑक्सफर्डमध्ये मार्गारेट अॅडम्स यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. आधी १९९४ मध्ये त्यांनी एका जिवाणूच्या जी६पीडीची रचना काढली आणि २००० साली मानवी एन्झाइमची. स्पष्टता होती ३ अँगस्ट्रॉम. एका मिलिमीटरमध्ये १ कोटी अँगस्ट्रॉम असतात, यावरून त्या कामाच्या बारकाईची कल्पना यावी. विशेष म्हणजे त्यांनी स्फटिक केला तो निर्दोष एन्झाइमचा नव्हे, तर चीनमध्ये सर्रास आढळणाऱ्या ‘कँटन’ या सदोष प्रकाराचा.

या चित्राने एक गोष्ट ठळकपणे समोर आणली. एन्झाइमच्या प्रत्येक साखळीत एनएडीपीचे दोन रेणू बसू शकतात. एक येतो, हायड्रोजन घेतो आणि निघून जातो. दुसरा मात्र कामाच्या जागेपासून दूर, दोन साखळ्या जिथे जुळतात त्या सांध्याजवळ घट्ट रुतलेला असतो. तो साखरेला हातही लावत नाही. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर लाकूड तोडत नाही, पण ती निसटली की पाते हवेत उडते. हा दुसरा एनएडीपी तसाच आहे. तो ढिला पडला की साखळ्यांची जोडी सैल होते, घडी विसकटते आणि पेशी तो एन्झाइम मोडीत काढते. जन्मापासून सतत रक्त फुटत राहणारे जे अतिगंभीर रुग्ण आढळतात, त्यांच्यातले बरेचसे दोष नेमके याच भागात, सांध्याच्या आणि या दुसऱ्या एनएडीपीच्या आसपास सापडतात.

भारतात तीन प्रकार प्रामुख्याने दिसतात आणि तिन्हींची गोष्ट वेगळी आहे. ‘केरळ-कल्याण’मध्ये ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते, म्हणजे जिथे ऋण विद्युतभार असायला हवा तिथे धन भार येऊन बसतो. ‘मेडिटरेनियन’मध्ये १८८व्या जागी चिमुकल्या सेरिनऐवजी मोठ्या कड्याचे फेनिलअॅलनिन घुसते. दाटीवाटी होते, एन्झाइम अस्थिर होतो आणि त्याची ताकद दहा टक्क्यांच्याही खाली उतरते. ‘ओरिसा’मध्ये ४४व्या जागी अॅलनिनऐवजी ग्लायसिन आहे. ही जागा एनएडीपी येऊन बसण्याच्या कोनाड्यातली असल्यामुळे एन्झाइम तुलनेने टिकाऊ राहतो, मात्र एनएडीपीला धरून ठेवण्याची त्याची पकड सुमारे पाचपटीने कमी होते. मेडिटरेनियन प्रकार पारशी आणि वायव्य भारतातल्या समाजांत अधिक आहे, ओरिसा प्रकार अनेक आदिवासी समूहांत. ५१५ मण्यांच्या माळेत एक मणी बदलतो, आणि कोणता बदलला यावर एका माणसाला गोळी पचते की नाही हे ठरते.

ही कमतरता सापडली कशी, हा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हिवतापावर नवी औषधे हवी होती. १९४४ पासून इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मुद्दाम डास चाववले जात आणि त्यांच्यावर औषधे तपासली जात. शिकागो विद्यापीठाचे अल्फ अल्व्हिंग हे काम पाहत होते. त्यांतले प्रायमाक्विन हे औषध दिल्यावर काही कैद्यांचे, मुख्यतः कृष्णवर्णीयांचे, रक्त फुटू लागले. दोष औषधात की माणसात, हे शोधण्यासाठी त्यांच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसांच्या शरीरात सोडल्या. प्रायमाक्विन देताच खूण केलेल्या पेशी फुटल्या, यजमानाच्या मात्र शाबूत राहिल्या. म्हणजे दोष पेशीच्या आत होता. १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये त्याचे नाव जाहीर केले: जी६पीडीची उणीव. तुरुंगात दिलेली संमती कितपत खरी, हा वाद नंतर जगभर झाला. जे ज्ञान इतकी किंमत मोजून मिळाले, ते सत्तर वर्षांनंतरही गरीब रुग्णाच्या उपयोगी पडत नसेल तर तो त्या कैद्यांवरचा दुसरा अन्याय ठरतो.

इतका नुकसानकारक दोष इतक्या लोकांत टिकला कसा? कारण हिवतापाचे जंतू अशा पेशीत नीट वाढत नाहीत. ज्या पट्ट्यात हिवताप शतकानुशतके ठाण मांडून बसला, त्याच पट्ट्यात हा दोषही टिकून राहिला: भूमध्य सागराचा किनारा, आफ्रिका, अरबस्तान, भारत, आग्नेय आशिया. भारतात त्याचे प्रमाण समाजागणिक शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत बदलते. निसर्गाने हिवतापावर काढलेला हा तोडगा हिवतापाच्याच एका औषधापुढे उलटतो. हा पेच प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज उभा राहतो.

हिवतापाचे दोन मुख्य प्रकार आपल्याकडे आहेत. फाल्सिपेरम जीवघेणा ठरू शकतो, व्हायवॅक्स चिवट असतो. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात आणि ताप पुन्हा उलटतो. या झोपलेल्या जंतूंना मारणारी औषधे दोनच: प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन. दोन्ही एकाच कुळातली आणि दोन्ही जी६पीडी कमी असलेल्याचे रक्त फोडू शकणारी. भारतात व्हायवॅक्सच्या रुग्णाला प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते, शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२५ मिलिग्रॅम. जी६पीडीची उणीव असलेल्याला ते देऊ नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शिकाच सांगते. लघवी काळसर झाली, डोळे पिवळे दिसले, ओठ निळसर पडले तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे या, असेही रुग्णाला बजावायचे असते.

कागदावर हे ठीक वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की तपासणीचे काम रुग्णाच्याच शरीराकडून करवून घेतले जाते. रक्त फुटले तर उणीव होती, फुटले नाही तर नव्हती. दुर्गम पाड्यावरच्या, आधीच रक्तक्षय असलेल्या बाईने पहाटेच्या अंधारात शेतात बसून लघवीचा रंग पाहावा, ही अपेक्षा करणाऱ्यांनी ते पाडे पाहिलेले नाहीत. गडचिरोलीत, जिथे राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार आहे, हिमोग्लोबिन एकदम दोन-तीन ग्रॅमने उतरले तर रक्तपेढी किती तासांवर आहे हे तिथल्या आशाताईला विचारावे.

दुसरी चूक उलट दिशेने होते आणि ती कुणाच्या नजरेत येत नाही. तपासणी हाताशी नसली की सावध डॉक्टर प्रायमाक्विन लिहायचेच टाळतात. किंवा रुग्ण ताप उतरताच गोळ्या सोडतो आणि कोणी आग्रह धरत नाही. मग जंतू यकृतात राहतात, ताप उलटतो, डास ते उचलतात आणि साखळी चालू राहते. २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणणे आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करणे, हे देशाचे जाहीर उद्दिष्ट आहे. व्हायवॅक्सचा साठा यकृतात शिल्लक ठेवून ते गाठता येणार नाही. आणि हा केवळ जंगलपट्टीचा प्रश्न आहे असेही नाही. मुंबईतल्या हिवतापात व्हायवॅक्सचा वाटा मोठा आहे आणि मेडिटरेनियन प्रकार ज्या समाजांत आहे ते या शहरात शतकांपासून राहतात.

यावर आक्षेप घेतले जातात आणि ते अगदीच पोकळ नाहीत. पहिला असा की १४ दिवसांचा डोस लहान असतो, त्यामुळे बहुतेकांना फारसे काही होत नाही. हे खरे आहे. म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात, अस्थिमज्जा नव्या पेशी सोडते, आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असल्याने सौम्य प्रकारात नुकसान आपोआप आटोक्यात येते. पण मेडिटरेनियन प्रकारात नव्या पेशींतही एन्झाइम फारसे नसते, तिथे हा दिलासा लागू होत नाही. शिवाय कोणाचा प्रकार सौम्य आणि कोणाचा गंभीर, हे तपासल्यावाचून कळणार कसे?

दुसरा आक्षेप असा की उणीव सापडली तर रुग्ण उपचारालाच मुकेल. तसे होण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा रुग्णासाठी आठवड्याला एकदा, दर किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, असे आठ आठवडे प्रायमाक्विन देण्याची पद्धत सुचवली आहे, अर्थात वैद्यकीय देखरेखीखाली. दोन डोसांत आठवड्याचे अंतर राहिल्याने शरीराला सावरायला वेळ मिळतो. साठ किलोच्या माणसाला यात एकूण ३६० मिलिग्रॅम औषध मिळते. नेहमीच्या १४ दिवसांत मिळते २१० मिलिग्रॅम. म्हणजे उणीव असलेल्यालाही पूर्ण उपचार मिळू शकतो, फक्त त्याची उणीव आधी माहीत हवी.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि सोयीचा. दहा वर्षांपूर्वी त्यात तथ्य होते. जुनी चाचणी प्रयोगशाळेत व्हायची, अतिनील प्रकाशात ठिपका चमकतो की नाही हे पाहून, आणि ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायची. स्त्रियांच्या बाबतीत ती अनेकदा फसायची. जी६पीडीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषात एक्स एकच, त्यामुळे दोष एक तर असतो किंवा नसतो. स्त्रीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच जागा राहतो, म्हणून दोषवाहक स्त्रीच्या रक्तात निरोगी आणि सदोष पेशींची सरमिसळ असते. अर्न्स्ट ब्यूटलर आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये हे दाखवले, तेही याच एन्झाइमच्या मदतीने. अशा स्त्रीचा ठिपका चमकू शकतो आणि तिला ‘ठीक आहे’ म्हणून गोळी दिली जाते. आता बोटाच्या एका थेंबातून काही मिनिटांत एन्झाइमचे प्रमाण आकड्यात सांगणारी छोटी यंत्रे आली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या अखेरीस अशा पहिल्या चाचणीला मान्यता दिली आणि त्याच सुमारास टॅफेनोक्विनलाही. टॅफेनोक्विन हे एका डोसात काम भागवणारे औषध, पण शरीरात दीर्घकाळ रेंगाळणारे. एकदा दिले की परत घेता येत नाही, म्हणून एन्झाइमची ताकद किमान ७० टक्के असल्याची खात्री केल्याशिवाय ते द्यायचेच नसते. ब्राझीलने अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या आरोग्य केंद्रांत ही चाचणी आणि हे औषध जोडीने वापरून पाहिले आणि पुढे ते राष्ट्रीय पातळीवर स्वीकारले. अॅमेझॉनमधल्या मनाउसला जे जमले ते गडचिरोलीतल्या भामरागडला जमू नये असे त्या यंत्रात काही नाही.

गोळीच्या वेळची तपासणी हा निम्मा उपाय झाला. उरलेला निम्मा बाळाच्या जन्मापाशी आहे. जी६पीडीची उणीव असलेल्या नवजात बाळाला तीव्र कावीळ होण्याचा धोका जास्त असतो. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत उतरते, आणि बाळ वाचले तरी बहिरेपण किंवा सेरेब्रल पाल्सी मागे राहू शकते. दिव्याखाली ठेवण्याचा साधा उपचार वेळेत झाला तर हे टळते. आता प्रसूतीनंतर आई आणि बाळ लवकर घरी जातात आणि कावीळ चढते ती घरी गेल्यावर. तिथे अनेकदा आजीने ट्रंकेतून काढलेले दुपटे आणि झबली असतात, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. त्या गोळ्यांत नॅप्थलीन असेल, तर त्याची वाफ अशा बाळाचे रक्त फोडायला पुरेशी ठरू शकते. हा धोका वैद्यकीय साहित्यात कित्येक दशके नोंदलेला आहे. आखाती देशांत मेंदी लावलेल्या तान्ह्या बाळांबाबतही असेच अनुभव नोंदले गेले आहेत. ज्या घराला उणीव माहीत आहे, ते घर कपडे धुऊन, उन्हात वाळवून घालते. ज्याला माहीत नाही, ते मायेनेच बाळाला धोक्यात टाकते.

सिंगापूरने १९६५ पासून प्रत्येक नवजात बाळाची नाळेच्या रक्तातून जी६पीडी तपासणी सुरू केली, उणीव सापडलेली बाळे नजरेखाली ठेवली आणि मेंदूला इजा करणारी कावीळ जवळजवळ हद्दपार केली. फिलिपिन्सने २००४ मध्ये नवजात तपासणीचा कायदाच केला आणि त्याच्या यादीत जी६पीडी घातले. आपल्याच देशात केरळच्या सरकारी रुग्णालयांतल्या नवजात तपासणीत जी६पीडीचा समावेश आहे. कल्याण आणि केरळ यांची नावे एकाच एन्झाइमवर कोरलेली असताना एका राज्याच्या बाळाची टाच टोचली जाते आणि दुसऱ्याच्या बाळाची नाही, हे महाराष्ट्राला शोभणारे नाही.

महाराष्ट्राकडे यासाठी लागणारे ज्ञान नाही असेही कोणी म्हणू शकणार नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था गेली अनेक दशके याच एन्झाइमच्या भारतीय प्रकारांवर काम करते आहे. चंद्रपुरात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचे केंद्र डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे. त्यात देशभरातल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि निकालाचे कार्डही मिळते. गडचिरोली, नंदुरबार, चंद्रपूर, पालघर या जिल्ह्यांत ज्यांचे बोट सिकलसेलसाठी टोचले जाते, त्यांच्याच रक्ताचा आणखी एक थेंब जी६पीडीसाठी घेतला तर नवा कर्मचारी लागत नाही, नवी जीप लागत नाही आणि माणसाला दुसऱ्यांदा बोलवावे लागत नाही. दोन्ही दोष हिवतापाच्या पट्ट्यातलेच आहेत आणि पुष्कळदा एकाच वस्तीत भेटतात.

तपासणी वाढवताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागेल, ती भीतीची. ही उणीव म्हणजे आजार नव्हे. बहुतेकांचे आयुष्य तिच्यामुळे तसूभरही अडत नाही. मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या वर्ज्य पदार्थांच्या याद्यांमुळे आईबाप धास्तावतात आणि मुलाची डाळ, उसळ, सोयाबीन सगळे बंद करतात. खरा दोषी आहे बाकला, म्हणजे फावा बीन, कारण त्यात विसिन नावाचे द्रव्य असते. उत्तर भारतात तो खाल्ला जातो, मराठी स्वयंपाकघरात क्वचितच. वाल, पावटा, मूग, हरभरा ही वेगळी कडधान्ये आहेत आणि प्रथिनांची गरज असलेल्या मुलाच्या ताटातून ती काढणे म्हणजे उणिवेपेक्षा उपाय महाग पडणे. औषधांची खरी यादीही छोटी आहे: प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, कुष्ठरोगात वापरले जाणारे डॅप्सोन, कर्करुग्णांना दिले जाणारे रासबुरिकेज आणि मिथिलीन ब्लू ही त्यातली महत्त्वाची नावे. मिथिलीन ब्लूची गंमत अशी की काही विषबाधांवर तो उतारा आहे, पण त्याला काम करायला एनएडीपीएच लागते. ज्याच्याकडे तेच कमी, त्याला उतारा लागू पडत नाही, उलट अपाय करतो. तातडीच्या कक्षात रात्री दोन वाजता डॉक्टरांना ही माहिती हवी असते आणि तेव्हा ती रुग्णाच्या कागदावर असावी लागते.

आणखी एक खबरदारी तांत्रिक आहे, पण महत्त्वाची. रक्त फुटण्याचा झटका चालू असताना केलेली चाचणी चकवते, कारण म्हाताऱ्या पेशी मेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम भरपूर दिसते. अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. म्हणूनच ती आजारपणात नव्हे, जन्माच्या वेळी करून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

विज्ञान दुसऱ्या वाटेनेही पुढे सरकले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डारिया मॉक्ली-रोझेन यांच्या गटाने ‘एजी१’ नावाचा एक छोटा रेणू शोधला. तो दोन साखळ्यांच्या जोडीला आधार देतो आणि कँटन प्रकारच्या सदोष एन्झाइमला काही प्रमाणात पुन्हा कामाला लावतो. २०२१ मध्ये आणखी एका अभ्यासाने, गंभीर प्रकारांत सांध्यापाशी झालेली मोडतोड लांबवरच्या कामाच्या जागेपर्यंत कशी पोहोचते हे रेणूच्या पातळीवर दाखवले. २००० सालच्या त्या पहिल्या चित्राशिवाय यातले काही शक्य नव्हते. पण हे औषध अजून प्रयोगशाळेतच आहे आणि त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आज लागते ती तपासणी उपलब्ध आहे.

राज्याच्या आरोग्य खात्याने तीन गोष्टी कराव्यात. हिवतापाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर आकड्यात निकाल देणारे जी६पीडी यंत्र ठेवावे आणि व्हायवॅक्सच्या रुग्णाला १४ दिवसांच्या गोळ्या देण्याआधी ते वापरणे बंधनकारक करावे. सरकारी आणि खासगी दोन्ही प्रसूतिगृहांत नवजात तपासणीच्या यादीत जी६पीडीचा समावेश करावा, सुरुवात आदिवासी जिल्ह्यांपासून आणि मुंबईपासून करावी. आणि निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर व सिकलसेलच्या कार्डावर ठळक छापावा, सोबत टाळायच्या औषधांची छोटी यादी मराठीत, आणि गरज असेल तिथे गोंडी व भिलीत द्यावी.

हे होईपर्यंत वाचकांना करता येण्यासारखे आहे ते असे. घरात बाळ येणार असेल तर डॉक्टरांना जी६पीडी तपासणीबद्दल विचारा आणि बाळाच्या कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या काढून टाका. घरात कोणाला व्हायवॅक्स हिवताप झाला आणि प्रायमाक्विन लिहून दिले, तर ते सोडू नका, पण पहिली गोळी घेण्याआधी ही एक चाचणी मागा. आणि निकाल आला की तो कागद फाइलमध्ये पुरून ठेवू नका. आधार कार्डाच्या जोडीला पाकिटात ठेवा.